ढवळणे : सतत

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर २००३

चि. आर्या,

घरातल्या दोघांचे आणि देवघरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. बरी आहे, काम चालू आहे, पाऊस थांबला, काळजी नसावी. पुण्यातला पाऊस थांबल्याचं मला पेपरातही कळतं गो. तुझी आई गेली आणि भावोजींनी तुला दहाव्या वर्षी माझ्याजवळ आणून सोडलं, तेव्हापासूनची तुझी खोड मला ठाऊक आहे. काही बिनसलं की भात कालवत बसायचीस, घास काही उचलायची नाहीस. हे पत्र तसंच आहे, नुसतं कालवलेलं.

मी काही फार शिकलेली नाही. मॅट्रिक झाले नि बोहल्यावर चढले. पण सांगितलंस तर कळेल थोडंफार. तुझ्या काकांनाही विचारायचं आहे. लोटे गावच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, त्यामुळे रसायन म्हटलं की अजून कान टवकारतात. काल म्हणाले, "वीज वाहणारं प्लास्टिक? अगो, प्लास्टिकातून वीज जात नाही म्हणून तर वायरीवर प्लास्टिक घालतात. पोरगी तीन वर्षं करते काय तिथे?" मी म्हटलं, तुम्हीच लिहा. तर म्हणाले, तूच लिही, तुझं अक्षर बरं.

फोन करू नकोस. फोनवर तू हो-हो म्हणतेस आणि मला नेमकं विचारायचं ते आठवत नाही. हा कागद लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू आहे, शेजारच्या विमलाच्या पुतण्याची. उलटून वाचू नकोस, लग्न होऊन गेलं.

काकू


पुणे,
२१ नोव्हेंबर २००३

ती. काकू,

तुम्हा दोघांना नमस्कार. घास उचलते, ऐक.

काकांना सांग, त्यांचं बरोबर आहे. साध्या प्लास्टिकातून वीज जात नाही. पण काही जाती अशा आहेत की आम्लात मुरवल्या की त्यांच्यातून वीज वाहू लागते. मी त्यातलंच एक करते. दोन पाण्यासारखे द्रव एकत्र करायचे. आधी काही म्हणजे काही होत नाही. मग कुठून तरी निळसर झाक येते, जणू भांड्यात संध्याकाळ झाली. आणि बघता बघता सगळं हिरवं होतं. आपल्या कुंपणाच्या गडग्यावर पावसाळ्यात चिऱ्याला शेवाळ धरतं ना, तो हिरवा. तीन वर्षं बघते आहे, अजून डोळे तिथून हलत नाहीत.

त्या हिरव्या पाण्यात कण असतात. केसाच्या जाडीचे हजारभर भाग करावे, त्यातला एक, एवढे. ते सगळे सारखे आणि गोल यायला हवेत. तसे आले तर कागदावर त्यांचा पातळ थर नीट बसतो आणि वीज एकसारखी जाते. मग अशी पट्टी करता येते की अमोनिया हवेत नावापुरता सुटला तरी तिच्यातली वीज बदलते. माणसाच्या नाकाला कळायच्या आधी तिला कळतं. काकांना हे वाचून दाखव.

आकार लहानमोठा करणं मला जमलं आहे. त्यात साबणासारखा एक पदार्थ घालतात, तो जास्त घातला की कण बारीक येतात. पण गोलपणा जमत नाही. मोठ्या मायक्रोस्कोपखाली फोटो काढला की दिसतात नुसत्या गुठळ्या, गिचका झालेल्या भातासारख्या.

आणि आता खरं ते. सप्टेंबरमध्ये एकदा जमलं होतं. एकदाच. फोटोत राजगिरा सांडल्यासारखे गोल गोल कण. माझे मार्गदर्शक सर इतके खूश झाले की त्यांनी लगेच त्यावर लेख लिहून पाठवला, तो छापूनही आला. त्यानंतर मी तेच, तस्संच, अकरा वेळा केलं. अकराही वेळा गुठळ्या.

तुझी आर्या


रत्नागिरी,
२ डिसेंबर २००३

चि. आर्या,

पत्र यांनी दोनदा वाचलं. अमोनियाच्या ओळीपाशी थांबले आणि चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "आमच्या वेळी नाकच होतं. सर्दी झालेल्याला त्या शेडमध्ये पाठवत नसत." दुपारी अंगणात विमलाच्या यजमानांना सांगत होते, "आमची आर्या नाक बनवते आहे, विजेचं."

आता माझं ऐक. मला तुझ्या कणांचं काही कळत नाही, पण तू सांगतेस ते सगळं संक्रांतीच्या हलव्यासारखं वाटतं. परातीत तीळ जास्त घेतले की तेवढ्याच पाकात हलवा बारीक होतो, कमी घेतले की टपोरा. हे तुझ्या साबणासारखंच झालं की नाही? आणि हलव्यात एक गोष्ट मोडायची नाही, ती म्हणजे हात. मंद शेगडीवर परात, चमच्याने पाक टिपाटिपाने घालायचा आणि बोटं सतत फिरती ठेवायची. हात थांबला की तीळ एकमेकांना चिकटले आणि गुठळी झालीच. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "दारात पाहुणा आला तरी हात थांबवायचा नाही, पाहुण्याला परातीपाशी बसवायचं."

तेव्हा तू ढवळण्यात कुठे कमी पडते आहेस का बघ. चांगलं न थांबता ढवळ.

अकरा ही संख्या काही वाईट नाही. मी रोज अथर्वशीर्ष म्हणते आहे तुझ्यासाठी.

काकू


पुणे,
२० डिसेंबर २००३

ती. काकू,

तुझं पत्र वाचून मी यंत्राचा वेग वाढवला. आमच्याकडे भांड्यात एक लोहचुंबकाची कांडी असते आणि खालून मोटर ती फिरवते. दोन तास नुसती घरघर चालू असते. एक क्षण थांबू दिली नाही. पंधरा दिवसांत चार वेळा केलं.

आजवरच्या सगळ्यांत मोठ्या गुठळ्या आल्या.

तुझा दोष नाही. मलाही पटलं होतं म्हणूनच केलं.

तुला सांगणार नव्हते, पण लपवून पत्र लिहिता येत नाही. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने आमच्या लेखाच्या संपादकांना कळवलं आहे की दिलेल्या कृतीने त्यांना असे कण मिळाले नाहीत. कोरियातल्या एक बाई आहेत, फार सभ्य भाषेत लिहिलं आहे, त्यामुळे जास्तच लागतं. संपादकांनी मुदत दिली आहे. जानेवारीअखेर पुन्हा करून दाखवा, नाहीतर लेख मागे घ्या. लेख मागे घेतला तर सर मला या विषयावर ठेवणार नाहीत. कालच म्हणाले, "आर्या, तो फोटो खरा आहे ना?" एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही.

काकू, तो फोटो खरा आहे. पण आता मलाच कधी कधी वाटतं, मी ते स्वप्नात पाहिलं असावं. डोळे मिटले की गोल कण दिसतात, हिरव्या पाण्यातून सावकाश खाली येताना. आणि उघडले की गुठळ्या.

आर्या


रत्नागिरी,
२८ डिसेंबर २००३

चि. आर्या,

माझी शेखी मी परत घेतली. हलवा निराळा, तुझं निराळं. आपल्याला येतं ते सगळीकडे लागू पडतं असं वाटणं हा म्हातारपणाचा पहिला वार. दुसरा गुडघ्यावर.

पत्र आल्यावर मला पहाटे एक स्वप्न पडलं. आरे-वारेच्या पुळणीवर मी उभी आणि समुद्र सगळा तुझ्या त्या हिरव्याचा. लाट येत नव्हती, जात नव्हती. पाणी श्वास धरून राहिलेलं. मी खाली बघते तर पायाशी वाळू कुठे आहे? बारीक गोल दाणे, एकासारखा एक. ओंजळ भरायला वाकले तर मागून कोणीतरी म्हणालं, हलू नको. जाग आली ती तशीच, ओंजळ धरलेली. यांना सांगितलं तर म्हणाले, "काल वालाची उसळ जास्त झाली."

स्वप्नाचं राहू दे. तू एक कर, ते जमलं तो दिवस कोणता ते मला कळव. हसशील, पण मला तिथी बघायची आहे. तुझ्या नोव्हेंबरच्या पत्रात सप्टेंबर एवढंच आहे. खरं म्हणजे मीच शोधलं. माझ्या रोजच्या टिपणात ५ सप्टेंबरला लिहिलेलं सापडलं, 'आर्याचा फोन. फार आनंदात. काल काहीतरी साधलं म्हणाली.' म्हणजे ४ तारीख, गुरुवार. घरात गौरी-गणपती होते आणि तू पहिल्यांदाच आली नव्हतीस. त्या दिवसाचं टिपणही वाचलं. खीर घट्ट झाली, विमला आणि तिची सून जेवायला, संध्याकाळी आरतीला अठरा माणसं. खाली एक ओळ आहे, 'आरती सुरू झाली तरी पंखा नि पंप चालूच. आर्या नाही. कोणी उठेना, शेवटी मीच उठले.'

या घरात ते काम कायम तुझं. टाळ हातात घ्यायच्या आधी सगळं घरघरणारं बंद करून यायचीस, कोणी न सांगता. देवासमोर दुसरा आवाज नको, हा सासूबाईंचा नियम, आणि तो तुझ्याइतका कोणी पाळला नाही. त्या दिवशी तुझी फार आठवण झाली होती, ती आज पुन्हा झाली.

दिवस चांगला होता एवढंच मला सांगायचं आहे. चांगल्या दिवशी झालेलं खोटं नसतं.

काकू


पुणे,
५ जानेवारी २००४

काकू,

पत्र वाचता वाचता मी खुर्चीतून उठले आणि तुझ्या त्या ओळीवर बोट ठेवून तशीच उभी राहिले. मनस्विनी, माझ्या शेजारी काम करते ती, विचारायला लागली, "घरी सगळे बरे आहेत ना?"

आमच्या इमारतीत खाली कर्मचाऱ्यांचा गणपती असतो. ४ सप्टेंबरला संध्याकाळी मी शेवटचा द्रव ओतला आणि खालून टाळ वाजले. घरी येता आलं नव्हतं, तेव्हा निदान आरतीला तरी जावं म्हणून उठले. आणि उठताना बटण बंद केलं. काकू, मी ते बंद केलं होतं! वर घरघर चालू ठेवून खाली आरती म्हणायची हे माझ्या हाताला ठाऊकच नाही. आरत्या, मंत्रपुष्पांजली, प्रसाद, सगळ्यांशी बोलणं. तासाभराने वर आले तेव्हा भांडं हिरवंगार झालेलं. मी बटण पुन्हा चालू केलं आणि वहीत लिहिलं, 'ढवळणे : सतत, दोन तास.' आपण चपला काढून घरात आलो हे कोणी वहीत लिहितं का? तसंच ते.

आणि नंतर पंधरा वेळा मी वहीत लिहिल्याप्रमाणे इमानेइतबारे ढवळत बसले.

परवा ओतून झाल्यावर एकदाच हलवलं आणि बटण बंद केलं. आरती नव्हती, काही नव्हतं. खिडकीशी बसून राहिले. निळं आलं, हिरवं आलं. काल फोटो काढला. राजगिरा!

जन्मताना त्यांना कोणी हात लावायचा नसतो. हलवलं की एकमेकांवर आपटतात आणि चिकटतात. एवढंच होतं.

आता मुदतीच्या आत करून दाखवता येईल. सरांना अजून सांगितलेलं नाही. मनस्विनी म्हणते, सप्टेंबरचं काढूच नकोस. कृतीत सुधारणा केली, आता न ढवळता करतो, असं कळवायचं. कोणाचं काय बिघडतं? कारण वहीत चूक झाली म्हटलं तर सर माझ्या तीन वर्षांच्या वह्या संशयाने बघतील. आणि कारण काय सांगू, आरती? प्रयोगशाळेत? पुढच्या आठवड्यात ठरवेन. तू काळजी करू नकोस.

आर्या


रत्नागिरी,
११ जानेवारी २००४

चि. आर्या,

पत्र हातात घेऊन आधी देवघरात गेले. दूर्वा संपल्या होत्या, अंगणातून आणल्या. मग मोठ्याने वाचलं, त्यालाही ऐकू जावं म्हणून. तू इथे आली नाहीस, तर तो तिथे तुझ्या जिन्याखाली येऊन बसला आणि तुला बटण बंद करायला लावलं. मला यात काडीची शंका नाही. विमलालाही सांगून आले. ती म्हणाली, "लीला, मग मुलीला सांग, आता रोज आरती करून मगच काम." मलाही तेच वाटतं.

तू शेवटी लिहिलंस ते यांनी वाचलं. मग मला म्हणाले, लिहून घे. तर त्यांच्या शब्दांत लिहिते.

"आमच्या शेडमध्ये धाकू म्हणून ऑपरेटर होता, खेडकडचा. पाळी बदलताना लॉगबुकात लिहायला लागे, काय चालू, काय बंद, किती वाजता. चूक झाली की सगळे 'व्होल्टेज कमी' असं लिहायचे. धाकू लिहायचा, 'पंप वीस मिनिटे बंद. चालू करायला विसरलो. धाकू.' आम्ही त्याला हसायचो. साहेबाची बोलणी खायचा. पण पुढची पाळी धाकूच्या मागून असेल तर माणूस निवांत आत शिरायचा. कारण वहीत जे लिहिलंय तेच टाकीत असणार. आर्याला विचार, तिच्या मागून त्या शेडमध्ये कोण शिरणार आहे?"

एवढं सांगून उठून गेले. मी आपली लिहीत होते, लिहिता लिहिता मलाच धाकूच्या मागून चालल्यासारखं वाटलं.

मी तुला काय करावं ते सांगणार नाही. हलव्याने एकदा तोंड पोळलं आहे. तू मात्र पुढचं पत्र मला लिहिशील तेव्हा त्यात काय लिहिता येईल, तेवढं आधी मनात वाचून बघ.

काकू


पुणे,
१९ फेब्रुवारी २००४

ती. काकू,

महिन्याहून जास्त झाला. तू फोनवर काही विचारलं नाहीस, काकांनीही नाही. त्यामुळे फार जड गेलं.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी सरांकडे गेले. वही उघडली, ४ सप्टेंबरचं पान काढलं आणि सांगितलं. आरतीसकट. ते पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी जे छापलं ते झालंच नव्हतं, आणि जे झालं ते मी छापलं नाही." मी म्हटलं, हो. "आणि तुझ्या बाकीच्या वह्यांत अशा किती आरत्या आहेत?" मी म्हटलं, मला माहीत नाही सर, म्हणूनच सगळं पुन्हा तपासते.

त्यांनी लेख मागे घेतला. स्वतः पत्र लिहिलं, माझ्यावर ढकललं नाही, पण बोलणं बंद केलं. मला विषयावरून काढायचं की नाही ते महिन्याने ठरवू म्हणाले. तोवर नवी कृती सोळा वेळा करायची, आणि त्यातल्या आठ मी खोलीत नसताना मनस्विनीने करायच्या, माझी वही वाचून.

त्या आठ दिवसांत मी बाहेर बाकावर बसून असायचे. खिडकी दिसायची. आत कुठेतरी निळं होत असेल, आता हिरवं होत असेल, असं नुसतं बसल्या जागी दिसत राहायचं. हात मांडीवर. करायला काहीच नाही. इतकं शांत मला आयुष्यात वाटलं नव्हतं आणि इतकी भीतीही.

सोळापैकी पंधरा गोल आले. सोळाव्या वेळी मनस्विनीचा धक्का टेबलाला लागला. तिने वहीत लिहिलं, 'माझा धक्का लागला.' खाली सही. सरांनी ते वाचलं आणि पहिल्यांदा हसले. नवी कृती त्यांनी त्या कोरियातल्या बाईंना पाठवली, छापायच्या आधी. काल त्यांचं उत्तर आलं. त्यांना पहिल्याच खेपेला जमलं. सरांनी ते पत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "लेख तू लिही. पहिलं नाव तुझं."

आता तुला सांगायला जे अवघड वाटतं ते. विमलाकाकूंचं म्हणणं मी करून बघितलं. खरं काय ते मला कळायलाच हवं होतं. एकदा यंत्र चालू ठेवून आरती म्हटली, पूर्ण, मनापासून. गुठळ्या आल्या. आणि गोल आले त्या पंधराही वेळा आरती नव्हती. मनस्विनीला तर ती पाठही नाही. काकू, आरतीने काही झालेलं नाही. बटण बंद झालं म्हणून झालं. वीज गेली असती तरी झालं असतं. तुझ्या मनातलं काही मोडलं असेल तर रागाव, पण लेखात मी असंच लिहिणार आहे, तेव्हा तुला आधी सांगायला हवं.

आर्या


रत्नागिरी,
२७ फेब्रुवारी २००४

चि. आर्या,

पत्र आलं तेव्हा हे झोपाळ्यावर होते. तू सरांकडे गेलीस इथपर्यंत वाचलं आणि त्यांनी हात पुढे केला, आपणच वाचतो म्हणून. वाचून झाल्यावर घडी घालून खिशात ठेवलं. मला अजून परत दिलेलं नाही. सकाळी बाजारात जाताना खिसा चाचपत होते.

विमलाला मी तुझं शेवटचं सांगितलं. तिला राग आला. म्हणाली, "जास्त शिकल्या की देवाचीच परीक्षा घेतात." घरी येईपर्यंत मलाही जरा लागलं होतं, खोटं कशाला सांगू. देवापुढे बसले. दिवा लावला, पंखा बंद केला. डोळे मिटल्यावर ते तुझं भांडं समोर आलं. कोणी ढवळत नाही, कोणी काही म्हणत नाही, आणि आत सगळं आपापलं गोल होतं आहे. किती वेळ बसले कोण जाणे. हे दारातून म्हणाले, आज जप लांबला. मी जप करत नव्हते गो. नुसती बसले होते.

उठले तेव्हा राग नव्हता. आरती न म्हणताही ते होतं हे बरंच झालं, आर्या. तसंच लिही लेखात. आरती लागली असती, तर त्या कोरियातल्या बाईंनी काय करायचं होतं?

काकू